वाचकांचे प्रश्न: खालच्या लीगमधला खेळाडू पोरांचा कोच होतो तेव्हा

गेल्या अंकातल्या एका टिपणात मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या युवा संघाचे कोच एरिक हॅरिसन यांचा उल्लेख आला होता. सगळी खेळायची वर्षं इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये काढलेला हा माणूस, आणि त्याच्या हाताखालून गिग्ज, बेकहॅम, स्कोल्स तयार झाले. त्या दोन ओळींवर बरीच पत्रं आली. काही निवडक प्रश्न आणि आमची उत्तरं इथे देत आहोत.

जो स्वतः कधी वरच्या डिव्हिजनमध्ये खेळला नाही, त्याचं ऐकून अशी पोरं घडतात हे पटत नाही. आमच्या पेठेत कोचला पहिला प्रश्न हाच असतो, 'तू कुठवर खेळलास?' हॅरिसन नेमके कुठवर खेळले होते? (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

हॅरिसन १९३८ चे, वेस्ट यॉर्कशायरमधल्या मायथमरॉइडचे. जवळचाच क्लब हॅलिफॅक्स टाउन. तिथे १९५७ पासून ते मधल्या फळीत विंग-हाफ म्हणून खेळले. पुढे हार्टलपूल्स युनायटेड, बॅरो, साउथपोर्ट आणि पुन्हा बॅरो. पाचशेहून जास्त लीग सामने खेळले, पण त्यातला एकही वरच्या दोन डिव्हिजनमधला नाही.

ते सुरुवात करत होते तेव्हा इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कायद्यासारखी कमाल मर्यादा होती. आठवड्याला २० पौंड. ती जानेवारी १९६१ मध्ये उठली. पण तिचा फायदा मोठ्या क्लबांच्या खेळाडूंना झाला. हॅलिफॅक्स, बॅरोसारख्या गावांत प्रेक्षकच थोडे, तर पैसा कुठून येणार? त्यात तळाची टांगती तलवार वेगळी होती. सगळ्यात खालच्या, चौथ्या डिव्हिजनमधल्या शेवटच्या चार क्लबांना दर वर्षी इतर क्लबांच्या मतांवर आपली जागा राखावी लागे. बॅरोमधला हॅरिसन यांचा दुसरा मुक्काम संपला त्या १९७२ सालीच बॅरो मतदानात हरला आणि त्याची जागा हेरफर्डला मिळाली. बॅरोला लीगमध्ये परत यायला २०२० साल उजाडलं. साउथपोर्टचंही १९७८ मध्ये असंच झालं, त्यांच्या जागी विगन आला.

अशा ठिकाणी मधल्या फळीत खेळणाऱ्याला काय शिकायला मिळतं? जानेवारीत मैदान चिखलाचं झालेलं असतं, चेंडू अडकतो, अंगावर येणारा गडी थांबत नाही. पाय वेगवान नसतील तर चेंडू येण्याआधीच ठरवावं लागतं की तो कुठे द्यायचा. ज्याला देवानं उपजत पाय दिले आहेत त्याला हे कधी उलगडून सांगावं लागत नाही, म्हणून बऱ्याचदा सांगताही येत नाही. ज्यानं ते घासून घासून मिळवलंय त्याच्याकडे मात्र त्याच्या पायऱ्या असतात.

पण फक्त तेवढ्यावर हॅरिसन कोच झाले असं आम्ही म्हणणार नाही. खेळणं संपल्यावर ते एव्हर्टनमध्ये गेले आणि तिथे जवळजवळ नऊ वर्षं कोचिंग केलं. १९८१ मध्ये तेव्हाचे मॅनेजर रॉन अ‍ॅटकिन्सन यांनी त्यांना मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघासाठी आणलं. म्हणजे बेकहॅम त्यांच्या हाती येईपर्यंत हे काम करून त्यांना अठरा-एकोणीस वर्षं झाली होती. तुमच्या पेठेतल्या प्रश्नात एक बदल सुचवतो: कुठवर खेळलास यापेक्षा पोरांबरोबर किती वर्षं उभा आहेस, ते विचारा.

त्यांनी त्या पोरांना वेगळं असं काय शिकवलं? की चांगली पोरं एकत्र आली हा योगायोग होता? (अहिल्यानगर)

पोरं चांगली होती यात शंका नाही, आणि १९८६ च्या नोव्हेंबरात मॅनेजर म्हणून आलेल्या अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी आसपासच्या भागात पोरं हेरायचं जाळं वाढवलं होतं. तरी हॅरिसन यांची फळं त्याच्याही आधीपासून दिसतात. १९८२ मध्ये त्यांचा संघ एफ.ए. (इंग्लंडची फुटबॉल संघटना) यूथ कपच्या, म्हणजे युवा संघांच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत वॉटफर्डकडून दोन सामन्यांची बेरीज ७-६ अशी होऊन हरला. त्या संघात मार्क ह्यूज आणि नॉर्मन व्हाइटसाइड होते. काही आठवड्यांतच व्हाइटसाइड सतरा वर्षं ४१ दिवसांचा असताना विश्वचषकात खेळला. १९८६ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा हार. १९९२ मध्ये क्रिस्टल पॅलेसवर दोन सामन्यांत मिळून ६-३ असा विजय. त्या संघात गिग्ज, बेकहॅम, निकी बट, गॅरी नेव्हिल होते. स्कोल्स आणि फिल नेव्हिल त्यांच्या मागोमागच्या खेपेत आले. लोक सगळ्यांना एकाच संघात बसवतात, ते बरोबर नाही. १९९३ मध्ये लीड्सकडून हार झाली, १९९५ मध्ये टॉटनहॅमवर पेनल्टीवर विजय मिळाला. दहा-बारा वर्षांच्या अंतरानं येणाऱ्या वेगवेगळ्या पोरांकडून हे होत असेल तर योगायोग म्हणवत नाही.

सराव सॅल्फर्डमधल्या 'द क्लिफ' या मैदानावर चाले. वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या खिडकीतून हॅरिसन सामना बघत, आणि कुणी आळशीपणा केला की काचेवर हात आपटत. मैदानावरच्या पोराला मान वर न करताही कळायचं की आवाज कशाचा आहे. शिकवण्यात दोन गोष्टींवर भर होता. एक, पास: छोटा, लांब, दोन्ही पायांनी, तोच तो, रोज. दोन, चेंडू येण्याआधी आजूबाजूला बघणं. बेकहॅमला चाळीस यार्डांचा देखणा पास मारायचा मोह होई, त्याला ते 'हॉलिवूड पास' म्हणत आणि जवळचा सोपा पास मोकळा असताना तो मारू देत नसत. तो पास त्याच्या पायात होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो कधी मारायचा हे शिकवायचं होतं.

यात एक बाजू अवघड आहे. हॅरिसन यांची जीभ तिखट होती आणि त्या काळी ते चालून गेलं. आज इंग्लंडच्या कुठल्याही अकादमीत पोरांवर तसं ओरडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांचं अनुकरण करायचं असेल तर खिडकी आणि पासचा सराव घ्या, आवाज घेऊ नका.

आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला इथल्या लीग टूमधल्या एका क्लबच्या अकादमीनं सहा आठवड्यांच्या चाचणीला बोलावलं आहे. तिथला कोच पूर्वी खालच्या लीगमध्ये खेळलेला आहे. आम्हा नवरा-बायकोला फुटबॉलमधलं काही कळत नाही. सही करण्याआधी काय बघायचं? (लीड्स, मूळ सातारा)

अभिनंदन, आणि सावकाश.

इंग्लंडमध्ये वर प्रीमियर लीग (२० क्लब), तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू (प्रत्येकी २४). हे झाले ९२ क्लब. त्यांच्या अकादम्या २०१२ पासून 'एलिट प्लेअर परफॉर्मन्स प्लॅन' नावाच्या नियमावलीखाली चालतात आणि त्यांना एक ते चार अशी श्रेणी असते, एक सगळ्यात वरची. लीग टूचा क्लब बहुधा तिसऱ्या श्रेणीत असतो. तिसरी श्रेणी म्हणजे वाईट कोचिंग असं समजू नका. तिथे पूर्ण वेळचे लोक कमी असतात, मैदानं साधी असतात, पण एकच माणूस तुमच्या मुलाला तीन-चार वर्षं ओळखतो, ही मोठी गोष्ट आहे.

अकराव्या वर्षापर्यंत नोंदणी एकेका वर्षाची असते, पुढे दोन-दोन वर्षांची. सही करताना भरपाईचं कलम नीट वाचा. मुलगा एका अकादमीतून दुसरीकडे गेला तर नव्या क्लबनं जुन्या क्लबला ठरलेली रक्कम द्यायची असते. २०१२ च्या मूळ दरात ती नऊ ते अकरा वयोगटासाठी वर्षाला ३,००० पौंड होती, आणि बारा ते सोळासाठी श्रेणीप्रमाणे वर्षाला १२,५०० ते ४०,००० पौंड. गोची इथे होते: क्लबला मुलगा ठेवायचा आहे, तुम्हाला काढायचा आहे, आणि दुसरा छोटा क्लब भरपाई द्यायला तयार नाही. मग मुलगा मध्येच अडकतो. क्लबनं स्वतः सोडलं तर मात्र तो मोकळा. म्हणून निघताना कशा प्रकारे निघतोय ते लेखी घ्या. उलट बाजूही सांगतो. याच दरांमुळे मोठे क्लब स्वस्तात पोरं उचलून नेतात, हे ब्रेंटफर्डनं २०१६ मध्ये आपली अकादमी बंद करताना मांडलं होतं. पुढे २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

मुलाचा जन्म कुठल्या महिन्यातला? इंग्लंडमध्ये वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात. सप्टेंबरचा आणि ऑगस्टचा मुलगा एकाच गटात येतात, म्हणजे जवळजवळ वर्षाचा फरक. अकादम्यांमध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पोरांची गर्दी असते ती त्यामुळेच. अंगानं मोठा असेल तो निवडला जातो. तुमचा मुलगा मे ते ऑगस्टमधला असेल तर कोचला सरळ विचारा की मोठ्या अंगाच्या पोरांपुढे त्याला कसं तोलणार. काही अकादम्या वर्षातून काही वेळा वयाऐवजी वाढीनुसार गट करून सामने घेतात, म्हणजे मोठेपणीच्या अंदाजी उंचीच्या किती टक्के उंची गाठली आहे त्यावरून. तसं करतात का, तेही विचारा.

पुढे बारा-तेराव्या वर्षी मुलगा एकदम उंच व्हायला लागेल. दर तीन महिन्यांनी उंची भिंतीवर मांडा. वर्षाला साधारण सात सेंटिमीटरच्या वर वेग दिसला आणि टाच किंवा गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखू लागलं, तर 'थोडं दुखतंच' म्हणून ढकलू नका. कोच आणि फिजिओला सांगा, उड्या आणि स्प्रिंट कमी करायला लावा. शाळा, क्लब आणि रविवारचा संघ असं तिन्हीकडे खेळणारं मूल इथेच मोडतं, कारण तिघांपैकी कुणालाच एकूण बेरीज माहीत नसते. ती तुम्हीच ठेवा.

आणि सोडून देण्याचा दिवस. तो बहुतेकांच्या वाट्याला येतो. चांगला कोच हे समोर बसवून, पालकांसमोर, कारणासकट सांगतो आणि पुढे कुठे खेळता येईल याची दोन-तीन नावं हातात देतो. मेसेजवर कळवणाऱ्या क्लबची माहिती इतर पालकांकडून आधीच काढा. पुढे इंग्लंडचा कर्णधार झालेल्या हॅरी केनला आर्सेनलनं आठव्या वर्षी सोडलं होतं. जेमी व्हार्डीला शेफिल्ड वेन्सडेनं सोळाव्या वर्षी सोडलं, मग स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स, तिथून हॅलिफॅक्स, फ्लीटवुड आणि २०१२ मध्ये लेस्टर. हॅरिसन यांच्या १९९२ च्या संघातला रॉबी सॅव्हेज १९९४ मध्ये युनायटेडनं सोडला, क्रू अलेक्झांड्रा क्लबनं घेतला, आणि तो वेल्ससाठी ३९ सामने खेळला. ही नावं मुलाला आशा लावण्यासाठी सांगू नका. त्या दिवशी त्याला फक्त जेवायला घाला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवा.

२०१७ मध्ये फातोर्डाला इंग्लंड-अमेरिका सामना पाहिला होता, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकातला. त्या इंग्लंड संघाचा कोच कोण होता? तोही मोठा खेळाडू नव्हता असं ऐकलं. (मडगाव)

स्टीव्ह कूपर. वेल्सचे, त्यामुळे आमच्या विषयाच्या किंचित बाहेरचे, पण वळण तेच. रेक्सहॅममध्ये वाढले, पहिल्या संघात जागा मिळाली नाही, वेल्सच्या लीगमध्ये खेळले आणि लवकरच कोचिंगकडे वळले. रेक्सहॅमच्या युवा विभागानंतर लिव्हरपूलची अकादमी, मग इंग्लंडचे वयोगट संघ.

तुम्ही पाहिलेला सामना २१ ऑक्टोबरचा, ४-१. ऱ्हियन ब्रूस्टरचे तीन गोल आणि मॉर्गन गिब्ज-व्हाइटचा एक. ब्रूस्टरनं उपांत्य फेरीत ब्राझीलविरुद्धही तीन मारले. २८ ऑक्टोबरला कोलकात्यात स्पेनविरुद्ध ०-२ वर असताना इंग्लंडनं ५-२ असा सामना फिरवला, फिल फोडनचे दोन. याच स्पेनकडून त्याच वर्षी मे महिन्यात हा संघ युरोपियन अंतिम सामन्यात पेनल्टीवर हरला होता. ०-२ झाल्यावरही पोरांनी लांब चेंडू फेकायला सुरुवात केली नाही, मागून खेळ बांधत राहिले. ते दृश्य कुठं मिळालं तर पुन्हा बघा.

इंग्लंडमध्ये खालच्या लीगमधला खेळाडू कोच व्हायचं ठरवतो तेव्हा नेमकं काय करतो? परीक्षा असते का? (पुणे)

करार साधारण ३० जूनला संपतो. मे महिन्यात क्लब कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार याची यादी जाहीर करतो. तेहतीस वर्षांचा बचावपटू त्या यादीची वाट बघत बसला तर उशीर झालेला असतो. शहाणे खेळाडू तिशीच्या आतच, खेळत असतानाच, दुपारी आपल्याच क्लबच्या छोट्या गटांबरोबर उभे राहू लागतात.

पायऱ्या अशा: प्राथमिक ओळख अभ्यासक्रम, मग युएफाची (युरोपचा फुटबॉल महासंघ) लायसन्स: सी, बी, ए आणि शेवटी प्रो. प्रो प्रीमियर लीगच्या मुख्य कोचसाठी लागतं. पोरांच्या अकादमीत बी शिवाय नीट काम मिळणं कठीण, वरच्या जबाबदारीला ए. बी साठी काही महिने लागतात. त्यात वर्ग असतो, आपल्या संघावर प्रत्यक्ष सराव घ्यावा लागतो आणि परीक्षक तिथे येऊन बघतो. खेळाडूंची संघटना पी.एफ.ए., स्थापना १९०७, आपल्या सभासदांसाठी हे अभ्यासक्रम चालवते. त्याखेरीज पोलीस नोंदींची सखोल तपासणी, बालसुरक्षेचा आणि प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम, हे सगळं मुलांसमोर उभं राहण्याआधी. मुलाबरोबर एकट्यानं खोलीत किंवा गाडीत बसायचं नाही, निरोप पालकांमार्फत.

आपल्याकडे याच्या जवळची वाट म्हणजे ए.आय.एफ.एफ.चं (भारताचा फुटबॉल महासंघ) डी लायसन्स, मग ए.एफ.सी.चं (आशियाचा महासंघ) सी, बी, ए. महाराष्ट्रात चौकशी विफाकडे (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) करायची.

माजी खेळाडू कुठे चुकतो? तो स्वतः करून दाखवतो, सुंदर करून दाखवतो, आणि पोरं टाळ्या वाजवून उभी राहतात. दुसरं, तो सामन्यात शिट्टीच्या जागी तोंड वापरतो: 'पास दे, मागं बघ, मार!' पोरगा मग मैदान बघायचं सोडून कोचकडे बघायला लागतो. आणि तिसरं म्हणजे मोठ्यांच्या सरावाचा आराखडा तसाच दहा वर्षांच्या पोरांवर उतरवणं.

मी शाळेत पी.टी. शिकवतो. बारा मुलं, वय दहा, आठवड्यातून दोन तास. असा कोच एका तासात काय घेईल? (सांगली)

बारा मुलं, किमान बारा चेंडू चार नंबरचे, वीस कोन, दोन रंगांची बिब. चेंडूत हवा कमी भरा, ०.६ बारच्या आसपास. टणक चेंडू सिमेंटसारख्या मैदानावर उसळतो, आणि मुलाला वाटतं आपलाच पाय वाईट.

पहिली १० मिनिटं: २० बाय २० मीटरचा चौकोन, प्रत्येकाला चेंडू. ड्रिबल करत, म्हणजे चेंडू पायाजवळ ठेवून, फिरायचं. तुम्ही न बोलता हाताची बोटं वर करा, मुलांनी आकडा ओरडायचा. जागा बदलत राहा. मान वर येते ती अशी, 'मान वर करा' सांगून येत नाही.

पुढची १५: तीन चौकोन, ८ बाय ८ मीटरचे, प्रत्येकात तीन मुलांविरुद्ध एक. चेंडू घेताना अंग अर्धं उघडं ठेवायचं आणि लांबच्या पायानं घ्यायचा. डाव्या बाजूनं आला तर उजव्यानं. म्हणजे पुढचा पास द्यायला वळावं लागत नाही. मधला गडी ४५ सेकंदांनी बदला, नाहीतर तो दमून नुसता उभा राहतो आणि बाकीच्यांना फसवं यश मिळतं. चेंडू सारखा हरवत असेल तर आधी चौकोन १० मीटरचा करा. मुलं वाईट खेळत नसतात, जागाच कमी असते. फारच सोपं झालं तर ७ मीटरवर या. जागा, काम, साहित्य, माणसं, या चारांपैकी एका वेळी एकच बदला, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल.

पुढची २०: दोन मैदानं, २० बाय १५ मीटर, तिघांविरुद्ध तिघे, प्रत्येक बाजूला दोन छोटे गोल, कोपऱ्याकडे. दोन गोल असल्यामुळे एका बाजूला गर्दी झाली की दुसरी मोकळी दिसते. या वीस मिनिटांत खेळ दोनदाच थांबवा, तेही प्रश्न विचारायला: 'तुला कोण मोकळा दिसला?' उत्तर चुकलं तरी पुन्हा तेच खेळू द्या.

शेवटची १५: सहा-सहाचा सामना, ४० बाय ३० मीटर. तुम्ही गप्प.

रांग लावू नका. बारा मुलं, एक चेंडू, एकाची पाळी आठ सेकंदांची धरा. प्रत्येकाला चेंडू ९६ सेकंदांनी मिळतो, पंधरा मिनिटांत नऊ-दहा वेळा. तीन-एकाच्या चौकोनात तेवढे स्पर्श दीड-दोन मिनिटांत होतात. शाळांमधल्या सरावाची सगळी वाट या रांगेनं लावली आहे.

मुलांना हेडिंग (डोक्यानं चेंडू मारणं) शिकवावं का? (नागपूर)

दहा-अकरा वर्षांपर्यंत नाही. २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट निघालं. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या एफ.ए.नं प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढून टाकलं. २०२४-२५ पासून सामन्यांतूनही ते काढायला सुरुवात झाली, आधी नऊ वर्षांखाली, मग दहा, मग अकरा. हॅरिसन यांचीही शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. ते फेब्रुवारी २०१९ मध्ये वारले.

सरावासाठी एफ.ए.चे आकडे जपून ठेवा: बारा वर्षांखाली महिन्यातून एका सरावात जास्तीत जास्त ५ हेडर, तेरा वर्षांखाली आठवड्यातून एका सरावात ५, चौदा ते सोळा आठवड्यातून एका सरावात १०. सुरुवात हलक्या किंवा स्पंजच्या चेंडूनं, मुलानं स्वतः हातानं वर टाकून. कपाळाचा सपाट भाग, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. लांबून किक मारून डोक्यावर चेंडू देऊ नका.